कोरड्या चाकाची टिकटिक

माझ्यावर विश्वास ठेवू नका, असं माझी सख्खी बहीणच गावभर सांगते. तरी बसा, ऐका.

नदीचं पाणी मोजायच्या चौकीवर मी होतो. शाळा पाचवीपर्यंत, पण आकडे वाचता येत. टेकडीवर खोली, खाली काठाला उभी पट्टी. तिच्यावर पाणी किती ते बघायचं, वहीत मांडायचं. वेग मोजायला एक चाक होतं, सहा वाट्यांचं. पाण्यात सोडलं की फिरायचं, आणि फेरीगणिक कानाला लावायच्या डबीत ‘टिक’ वाजायचं.

त्या दिवशी भर दुपारी पट्टी वाचून आलो. पाणी घोट्याएवढं. चाक पुसून खुंटीला टांगलं, चटईवर आडवा झालो. वारा नाही, पान हलत नाही. आणि हळूहळू खोलीत ओल्या चिखलाचा वास भरला.

टिक.

म्हटलं, उंदीर असेल. टिक... टिक... मान वर केली, तर खुंटीवरचं चाक आपलं आपण फिरत होतं. हाताने धरलं, थांबलं. सोडलं, की पुन्हा. डबी कानाला लावली, फेऱ्या मोजल्या. एवढा वेग फक्त महापुराला असतो.

ताई आणि दाजी खाली नदीच्या पात्रात खरबुजं तोडत होते. फोन उचलला खरा, पण ‘पूर आला’ म्हणून त्या हंगामात मी त्यांना दोनदा उगाच पळवलेलं. तिसऱ्यांदा कोण हलणार? मग आवाज बारीक केला.

“ताई... पायऱ्यांवरून पडलो गं... पाय मोडलाय... दोघं या, उचला मला...”

“मेल्या, हलू नकोस. आलोच.”

धापा टाकत दोघं टेकडी चढून आले. मी दारात दोन्ही पायांवर ठणठणीत उभा. दाजींनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, ताईने चप्पल काढली. तेवढ्यात खालून घरघर आली. तांबडं पाणी अख्खी झाडं घेऊन आलं आणि खरबुजांची वाडी दिसेनाशी झाली. पाऊस कुठे वर कोसळला होता, आमच्याकडे थेंब नाही.

ताई मला मिठी मारून रडली. रडून झाल्यावर राहिलेली चप्पल मारलीच. मार खाऊन इतकं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं.

आत गेलो. चाक गप्प होतं. खुंटीवरून काढलं, तर एका वाटीत बोटभर मासा. जिवंत, तोंडाची उघडझाप करणारा.

मी तो पुरात सोडून आलो. म्हटलं, ज्याने कुणी धाडला, त्याच्याकडे परत गेलेला बरा.