सतरा नंबरची चमक

सम्यकची आणि माझी ओळख बोंबलांनी करून दिली.

सोमवारची सकाळ होती. मी नेहमीसारखी आगरदांड्याचा चढ चढून आमच्या कंपनीच्या कुंपणात शिरले आणि बघते तर माझ्या पत्र्यांवर बोंबील! चांगले शंभर-दीडशे. जबड्यात जबडा अडकवून वरच्या पाइपावर ओळीने टांगलेले, आणि खाली माझे अठ्ठेचाळीस पत्रे त्यांच्या पाण्यात टपटप भिजतायत.

"हे कोणी केलं?" मी ओरडले. समोर फक्त बोंबील होते. त्यांनी आधीच आ वासला होता.

"मासळीवाल्या नीराबाईंनी," कुंपणापलीकडून आवाज आला. "मी काढायलाच आलोय. तुम्ही रागवाल म्हणून त्या स्वतः नाही आल्या."

गळ्यात शिट्टी, उन्हाने रापलेला चेहरा, हातात रिकामी टोपली. खालच्या जेट्टीवर गाड्या फेरीबोटीत चढवतो तो हाच, हे मला लांबून माहीत होतं. रोज दिसायचा. बोटाएवढा.

"इथे पाटी लावलीय," मी म्हणाले. "पत्र्यांना हात लावू नये."

"तेच मी त्यांना म्हटलं. तर म्हणाल्या, हात कुठं लावलाय? बोंबील लावलेत."

मला हसायचं नव्हतं. पण वर्षभरात हसले नव्हते, त्यामुळे तोंडाला अंदाज आला नाही...

तो बोंबील काढत राहिला, मी उभी राहिले.

"मॅडम, एक विचारू? पत्रे उन्हात कशाला घातलेत?"

"रंगाचे नमुने आहेत. खाऱ्या वाऱ्यात, उन्हात रंग किती विटतो, चमक किती कमी होते, ते मोजायचं."

"म्हणजे तुम्ही विटायची वाट बघता."

"हो."

"रोज?"

"मोजते दर सोमवारी. वाट रोज बघते."

त्याने एक बोंबील हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मी सम्यक." बोंबील हातात असल्यामुळे हात पुढे करायचं त्याने टाळलं, याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे.

त्या दिवशी नोंदवहीत मी लिहिलं : 'पत्रे ओले. स्थानिक वातावरणाचा परिणाम.'

*

ठाण्याच्या रंग कंपनीने मला इथे सहा महिन्यांसाठी म्हणून पाठवलं होतं, त्याला वर्ष उलटून गेलं होतं. पाटणकर सर म्हणाले होते, "रचना, समुद्र, नारळ, शांतता. लोक पैसे देऊन जातात तिथे." खरंय. लोक जातात आणि दोन दिवसांत परत येतात. परत यायचं कसं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

वाडीतल्या एका खोलीत मी भाड्याने राहायचे. खोलीत तळहाताएवढा आरसा. डोळे दिसले तर हनुवटी नाही, हनुवटी दिसली तर डोळे नाहीत. संध्याकाळी शेवटची बोट दिघीकडे गेली की जेट्टीवर कावळे उरायचे आणि चढावर मी. फोन दोघांचे. आई खोपोलीहून विचारायची, "जेवलीस का?" पाटणकर सर विचारायचे, "चमक किती?" तू कशी आहेस, हा प्रश्न त्या दोघांच्या मधल्या फटीतून कुठेतरी पडून गेला होता.

चमक मोजायचं यंत्र विटेएवढं. खाली खिडकी. ते पत्र्यावर साठ अंशांत तिरका उजेड टाकतं आणि किती परत आला ते आकड्यात सांगतं. सुरुवातीला त्याला काळ्या काचेची एक लादी दाखवायची, म्हणजे खरी चमक काय असते ते त्याच्या लक्षात राहतं. मग पत्र्यावरची धूळ रबरी फुग्याने उडवायची, तीन जागी मोजायचं, सरासरी काढायची. पुसायचं मात्र नाही. कधीच नाही. ऊन, मीठ, पाऊस, पक्षी, जे काय व्हायचं ते पत्र्याला होऊ द्यायचं. माणसाने मध्ये पडायचं नाही.

शेवटचा, कुंपणाजवळचा पत्रा म्हणजे सतरा नंबर. (एक ते अठ्ठेचाळीस असे नंबर असून सतरा शेवटी कसा, ते पत्रे लावणाऱ्यालाच विचारा. तो लावून गेला तो गेलाच.) गडद निळा, तुकतुकीत. त्याच्यात माझा चेहरा अख्खा दिसायचा. आधी मी टिकली सरळ आहे का तेवढं बघायचे. मग केस. मग हळूहळू बोलायलाच लागले.

"काय म्हणतेस?" मी विचारायचे.

ती काही म्हणायची नाही. पण विचारलं की बरं वाटायचं. तिलाही वाटत असावं.

*

बोंबलांनंतर दर सोमवारी सम्यक पहिली बोट सोडून वर यायला लागला. कुंपणाच्या पलीकडे उभा राहायचा. कधी शेंगदाणे, कधी शहाळं. एकदा चहाचे दोन ग्लास घेऊन चढ चढला आणि वर पोचेपर्यंत दोन्ही अर्धे झाले. मग त्याने एकाचा चहा दुसऱ्यात ओतला, मला दिला, आणि स्वतः रिकामा ग्लास हातात धरून शेवटपर्यंत माझ्याबरोबर चहा प्यायला.

"तुमचं काम अवघड आहे का हो?" मी विचारलं.

"गाड्या उलट्या चढवायच्या असतात बोटीत. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही. त्याने फक्त माझ्या हातांकडे बघायचं." त्याने हात उंचावून दोन्ही पंजे स्वतःकडे हलवले. "येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!"

"आणि चुकलात तर?"

"एकदा पुण्याच्या एका गाडीचा दिवा फोडलाय. नवरा-बायको भांडत होते. दोघं एकमेकांकडे बघत होती, माझ्याकडे कोणीच नाही."

मग त्याची नजर यंत्रावर गेली. "ह्याने माणसाची चमक मोजता येते?"

"येत नसावी."

"बघू तरी."

त्याने कुंपणातून हात आत घातला. मी तळहातावर यंत्र टेकवलं. तीन.

"तीनच?" त्याचा चेहरा पडला. "आता तुमची."

त्यासाठी त्याला माझा हात खालून धरावा लागला. जेट्टीवरून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. कोणाला घाई होती कोण जाणे...

"सहा," तो म्हणाला. "बघा! दुप्पट!"

"घाम आलाय हाताला. म्हणून."

"मग परत मोजू. तुम्हीच म्हणता ना, तीन जागी मोजायचं आणि सरासरी काढायची?"

आम्ही तीन जागी मोजलं. सरासरी आता आठवत नाही.

*

आणि मग सतरा नंबर चमकायला लागला.

बाकीचे सगळे पत्रे शहाण्यासारखे विटत होते. अठ्ठ्याऐंशीवर सुरू झाले ते सत्तर, साठ, कोणी पंचावन्न. सतराही बाहत्तरवर आला होता. मग एका सोमवारी तो एकोणऐंशी. पुढच्या सोमवारी पंच्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. मग एक्क्याण्णव! म्हणजे कारखान्यातून निघाला होता त्याहून नवा. मी लादी दाखवून यंत्र पुन्हा पुन्हा तपासलं. यंत्र बरोबर होतं. पत्र्याला नारळाचा वास येत होता खरा, पण आगरदांड्यात नारळाचा वास कशाला येत नाही? माझ्या मोबाइललाही येतो.

आकडे ठाण्याला गेले आणि पाटणकर सरांचा फोन आला. आवाज गहिवरलेला. "रचना, हा रंग स्वतःला बरं करतो! उन्हात तरुण होतो!"

"सर, एकदा तपासून..."

"बुधवारी मोठे साहेब येतायत. सतरा नंबरचा सत्कार आहे. आणि तुझी ठाण्याच्या लॅबला बदली. कायम नोकरी!"

ठाण्याच्या लॅबमध्ये बावीस माणसं आहेत. कॅन्टीनला रांग लागते. रांगेत कोणाच्या तरी मागे आणि कोणाच्या तरी पुढे उभं राहायची मला इतकी हौस होती की फोन ठेवल्यावर मी खोलीतल्या खोलीत जरा उभी राहून बघितलं.

सम्यकला कसं सांगायचं, ते मात्र कळेना.

*

मी रविवारी कधी वर जात नाही. पण त्या रविवारी खोलीत बसवेना. दुपारी चढ चढले, आणि कुंपणाशीच थांबले.

सम्यक आत होता. डाव्या हातात खोबरेलाची बाटली, उजव्या हातात फडकं. जीभ जरा बाहेर काढून, मन लावून, तो सतरा नंबर पुसत होता. मधेच मागे सरकून मान वाकडी करून बघायचा आणि कोपऱ्यात पुन्हा एक हात मारायचा.

"सम्यक..."

बाटली पडली. तेल उताराने वाहत थेट माझ्या चपलेशी आलं.

"पाटी वाचता येते ना तुम्हाला?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "किती दिवस चाललंय हे?"

"पाच रविवार." त्याने फडकं पाठीमागे लपवलं, जसं काही बाकी सगळं लपलेलंच होतं. "तुम्ही दर सोमवारी ह्याच्यात बघता. खालून दिसतं मला. बघता, बोलता काहीतरी... आणि मग कामाला लागता. मधे मिठाने पांढुरका झाला होता तो. मी वर येताना बघितलं, तुम्ही नखाने खरवडायला गेलात आणि हात मागे घेतलात. मग तशाच उभ्या राहिलात. बराच वेळ." त्याने पडलेली बाटली उचलली. "मला वाटलं... निदान चेहरा तरी नीट दिसावा."

सोळा महिने मी अठ्ठेचाळीस पत्र्यांकडे बघत होते. माझ्याकडे कोणी बघत असेल, हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.

मी त्याला सगळं सांगितलं. पाटणकर सर, सत्कार, ठाणे, बावीस माणसं, रांग. ऐकता ऐकता तो खाली बसला.

"मग नका सांगू कोणाला," तो शेवटी म्हणाला. "मी परत नाही लावणार तेल. तुम्ही जा ठाण्याला. तिथे मोठा आरसा असेल."

आणि उठून, फडकं घडी करून खिशात घालून, खाली गेला.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही.

*

बुधवारी दोन गाड्या आल्या. पाटणकर सर, मोठे साहेब, आणखी एक साहेब, फोटोग्राफर. नारळ, हार, शाल. सतरा नंबरला हार घातला. शाल पांघरवली, ती वाऱ्याने दोनदा उडाली, म्हणून चिमटे लावले. फोटोग्राफर सवयीने पत्र्याला म्हणाला, "जरा हसा." मोठ्या साहेबांनी कुंकू लावलं. ते तेलावरून हळूहळू घसरत खाली आलं.

"वा!" मोठे साहेब म्हणाले. "कुंकूसुद्धा टिकत नाही. काय गुळगुळीत आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाटणकर सरांनी मला पुढे ढकललं. "दोन शब्द बोल."

समोर सतरा नंबर. त्याच्यात मी, अख्खी, स्वच्छ. इतकी नीट मी कधी दिसले नव्हते. वाटलं, हिला काय 'काय म्हणतेस' म्हणून विचारायचं? ही तर माझीच वाट बघतेय.

"सर, ते खोबरेल आहे," मी म्हणाले.

"आपल्या रंगात खोबरेल नाही, रचना," पाटणकर सर हसत म्हणाले.

"रंगावर आहे. दर रविवारी लावलेलं. हे पाच आकडे खोटे आहेत."

"कोणी लावलं?"

"इथल्या एका माणसाने. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी? पत्र्याला?"

मी हो म्हणाले. आता सुरूच केलं होतं, म्हणून बोंबलांचंही सांगून टाकलं. तेवढ्यात कुंपणाबाहेरून नीराबाई ओरडल्या, "साहेब, त्या पोरीचा काय दोष न्हाय. बोंबील माझे व्हते. लय चांगले वाळले, न्हाय कशाला म्हणू?"

पाटणकर सरांचा चेहरा तेवढ्यात बाहत्तरवरून पंचावन्नवर आला.

"सगळे पत्रे रद्द," ते म्हणाले. "नवा संच पाठवतो. पहिल्यापासून. दोन वर्षं. आणि तूच मोजायचंस. इथेच! ठाण्याचं विसर."

मोठे साहेब जाताना नीराबाईंकडचे बोंबील बांधून घेऊन गेले. सत्काराची शालही त्यांनी बोंबलांनाच गुंडाळली.

*

नवे पत्रे यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस सम्यक वर फिरकला नाही. खाली बोटाएवढा दिसायचा. गाड्या चढवायचा. चढाकडे पाठ करून.

सोमवारी नव्या पत्र्यांची पहिली मोजणी होती. सगळे अठ्ठ्याऐंशी. मी शेवटच्या पत्र्यापाशी आले आणि सवयीने वाकणार, तोच बाजूच्या खांबावर काहीतरी लखलखलं.

आरसा. लाल प्लॅस्टिकच्या चौकटीचा, न्हाव्याकडे असतो तसला, बोटीच्या जाड दोराने सात-आठ गाठी मारून बांधलेला. वादळ आलं तर खांब गेला असता, आरसा नाही. खाली खडूने लिहिलं होतं : 'ह्याला हात लावला तरी चालेल.'

मी त्याच्यात बघितलं. टिकली वाकडी होती. तशीच राहू दिली.

यंत्र पेटीत ठेवलं आणि चढ उतरायला लागले. सोळा महिन्यांत मी मोजणी अर्धवट टाकून कधी कुठे गेले नव्हते. जेट्टीवर गाड्यांची रांग होती. मी तिच्यात उभी राहिले. माझ्या पुढे एक टेम्पो, मागे एक जीप.

टेम्पो उलटा फिरून बोटीत गेला. सम्यकने पुढच्या गाडीसाठी हात वर केले, आणि समोर मी.

शिट्टी त्याच्या तोंडातून पडून गळ्याशी लोंबली.

"ठाण्याला..." तो म्हणाला. "कधी जाणार?"

"दोन वर्षं इथेच. शिक्षा झालीय."

"माझ्यामुळे."

"हो. तुझ्यामुळे."

'तू' ऐकून त्याचे कान लाल झाले. मागचा जीपवाला हॉर्न वाजवायला लागला. "अरे, बाईंना आधी घे नाहीतर मला तरी घे!"

सम्यकने हॉर्न ऐकला नसावा. त्याचे हात अजून वरच होते. मग दोन्ही पंजे हळूच स्वतःकडे हलले.

"येऊ दे..." तो म्हणाला. "येऊ दे... येऊ दे..."

मी त्याच्या हातांकडे बघत पुढे गेले. गाड्यांना तो बरोबर हातभर अंतरावर थांबवतो.

मला थांबवायचं तो विसरला.