टोमॅटो पिकेपर्यंत

गच्चीचं दार ढकलून ती बाहेर आली, तर एक अनोळखी माणूस तिच्या टोमॅटोच्या झाडाला गुदगुल्या करत होता.

निदान तिला तरी तसंच दिसलं. तो उकिडवा बसला होता, खांद्यावर दोराचं वेटोळं होतं, आणि एका बोटानं पिवळ्या फुलाच्या देठावर हलकेच टिचक्या मारत होता. सकाळचे साडेसात. आभाळ आठवडाभर होतं तसंच राखाडी. तिच्या हातात पाण्याची झारी होती, ती तिनं वेळ पडली तर मारता येईल अशा बेतानं धरली.

"काय चाललंय?" तिनं विचारलं.

तो दचकला नाही. नुसती मान वळवून म्हणाला, "वाराच नाही ना इतके दिवस. फुलं हलली नाहीत तर फळ धरत नाही, गळून जातात. खाली बघा... पाच पडलीत."

तिनं खाली बघितलं. पाच नव्हे, सहा पडली होती.

तो लिफ्टवाला होता. इमारतीची जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट काढून नवी बसवायची होती, आणि लिफ्टच्या मोटरची खोली गच्चीवर होती. दोन जोडीदारांना घेऊन तो पुढचे दोन महिने इथेच असणार होता. झाडांचं त्याला कळत होतं, कारण त्याच्या थोरल्या बहिणीची रोपवाटिका होती आणि सुट्टी लागली की ती धाकट्या भावाला हक्कानं राबवून घ्यायची. हे सगळं त्यानं न विचारता सांगितलं, आणि मग झारीकडे बघून, पाणी मुळाशी घाला, पानांवर नको, असंही सांगितलं. तिला थोडा राग आला. पाणी तिनं मुळाशीच घातलं.

ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. तिथल्या प्लास्टरच्या रिकाम्या बादल्या घरी आणून, बुडाला भोकं पाडून तिनं ही सहा झाडं लावली होती. आईला हल्ली बाजारातला टोमॅटो ओल्या पुठ्ठ्यासारखा लागायचा, एवढंच निमित्त. पण लावायला उशीर झाला, थंडी आली, आणि मग ऊन पडायचंच बंद झालं.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर आली ती विजेवर चालणारा टूथब्रश घेऊन. बटण दाबून तिनं ब्रशची पाठ एका देठाला टेकवली. फूल थरथरलं, आणि पिवळी बारीक भुकटी हवेत उडाली. मोटरच्या खोलीच्या दारात उभा राहून तो बघत होता. मग मनापासून हसला.

"दिवसातून दोनदा ना?" त्यानं विचारलं. "जेवणानंतर?"

"डॉक्टर सांगतील तसं," ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे वळली. हसू लपवायला तेवढं पुरलं.

फळं धरली. वाटाण्याएवढी झाली, गोटीएवढी झाली, लिंबाएवढी झाली, आणि तिथेच अडून बसली. हिरवी, टणक, चकचकीत.

इकडे लिफ्ट बंद म्हटल्यावर आई पाचव्या मजल्यावर अडकली. तिचे गुडघे जिना उतरू देत नव्हते. लिफ्टवाल्याला हे कळलं तसा तो रोज वर येताना बेल वाजवून विचारू लागला, खालून काही आणायचंय का. एकदा पाव आणला, एकदा सुईदोरा, एकदा वाचनालयातून बदलून आणलेलं पुस्तक. आई त्याला चहा देऊ लागली. लेकीनं चार महिन्यांत विचारलं नसतं ते आईनं चार दिवसांत काढून घेतलं: वय चौतीस, लग्न झालेलं नाही, आई-वडील गावी, जिथे काम तिथे मुक्काम. इथलं संपलं की चार तासांवरच्या शहरात एका नव्या इस्पितळाच्या आठ लिफ्ट. तिथे वर्ष जाईल.

हे शेवटचं आईनं जरा हळू सांगितलं, आणि सांगताना लेकीच्या तोंडाकडे बघितलं.

रोज सकाळी दोघांचं एक बोलणं ठरून गेलं होतं. तो विचारायचा, "आज?" ती झाडं निरखून म्हणायची, "आज नाही." इमारतीतल्या प्रत्येकाकडे काही ना काही सल्ला होता. झाडांना गाणी ऐकवा, इथपर्यंत मजल गेली होती.

"लाल कधी होणार?" एकदा त्यानं विचारलं.

"तुमची लिफ्ट कधी चालणार?"

"ह्यांच्या आधी, नक्की."

"मग जरा हळू करा की काम."

बोलून गेली, आणि कानशिलं तापली. ती वाकून नसलेलं तण उपटू लागली.

"हळूच करतोय," तो तिच्या पाठीमागून म्हणाला. "जोडीदार वैतागलेत माझ्यावर."

एका दुपारी फळांच्या भारानं एक फांदी लवली. त्यानं काठी रोवली, ती सुतळीनं बांधू लागली. हात कामात असले की बोलणं सोपं जातं म्हणतात, तसं झालं असावं. तिचं एकदा लग्न ठरलं होतं, ते तिनं सांगितलं. ज्याच्याशी ठरलं, तो सहा महिन्यांसाठी परदेशी गेला. सहाचे बारा झाले, बाराची तीन वर्षं. फोनवर दर वेळी, थोडंच राहिलंय आता. शेवटी चार ओळींचं पत्र आलं.

"लग्न मोडल्याचं आता काही वाटत नाही," ती म्हणाली. "पण तीन वर्षं मी फोनकडे कान लावून बसले. त्याची मात्र लाज वाटते अजून."

उरलेली सुतळी गुंडाळून त्यानं तिच्या हातावर ठेवली. बोटं बोटांना लागली... आणि त्यानं हात झटकन मागे घेतला.

त्या दिवसापासून तो बदलला. काम भराभर होऊ लागलं. चहाला थांबेना. "आज?" विचारायचा, पण उत्तर ऐकायच्या आधीच मोटरच्या खोलीत शिरायचा. आपण उगाच बोललो, असं तिला वाटत राहिलं. प्रयोगशाळेत तिनं एका आजोबांच्या कवळीचा पुढचा दात तिरका बसवला, आणि दात धरून ठेवणारं सगळं मेण उतरवून पुन्हा नव्यानं बसवत बसली.

गुरुवारी तपासनीस आले, लिफ्ट वर-खाली करून बघितली आणि सही करून गेले. दोन महिन्यांनी आई खाली उतरली, ती फाटकाजवळच्या बाकावर बसून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला थांबवू लागली.

लेक मात्र वर गच्चीवर गेली. तो दोर गुंडाळत होता.

"निघताय," ती म्हणाली.

"पाचला बस आहे."

"आणि काही बोलायचं नाहीये तुम्हाला."

त्यानं दोर खाली ठेवला.

"बोलायचं आहे," तो म्हणाला. "पण तिथे वर्ष जाणार. आता बोललो, तर तुम्हाला वाट बघायला लावल्यासारखं होईल. ते तुमचं एकदा झालंय. दुसऱ्यांदा ते करणारा माणूस मला नाही व्हायचं."

इतका वेळ तिला रडू येईल असं वाटत होतं. ते मागे सरलं, आणि तिथे राग आला, चांगला स्वच्छ राग.

"कुणाची वाट बघायची आणि कुणाची नाही, ते माझं मी ठरवीन," ती म्हणाली. "तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही निदान विचारा तरी."

खोलीत नवी मोटर घरघरली. कुणीतरी लिफ्ट खाली बोलावली होती.

"बघाल वाट?"

"आधी ते बोलायचं होतं ते बोला."

सात मजल्यांच्या पोकळीत एका फळीवर उभं राहून काम करणारा माणूस, पण त्याला तिथे काहीतरी धरावंसं वाटलं. त्यानं दाराची चौकट धरली.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "फार... टूथब्रश आणलात ना, त्या दिवसापासून."

तिला हसू आलं, आणि डोळेही भरले.

"बघीन," ती म्हणाली. "पण नुसती बसून नाही. दर दुसऱ्या रविवारी भेटायचं. एकदा मी येईन, एकदा तुम्ही."

पहिला रविवार तिनं घेतला. इस्पितळाच्या अर्धवट बांधलेल्या पायऱ्यांवर बसून दोघांनी पाव-आम्लेट खाल्लं, आणि त्यानं तिला आठही लिफ्टच्या रिकाम्या जागा अशा कौतुकानं दाखवल्या, की जणू स्वतःच्या घरातल्या खोल्याच.

परतल्यावर दुसऱ्या सकाळी ती झाडांपाशी थबकली. दातांच्या छटा जुळवण्यात तिची वर्षं गेली होती, तिच्या नजरेतून सुटलं नाही. खालच्या एका टोमॅटोच्या हिरव्यात थेंबभर दूध कालवल्यासारखं झालं होतं. आईला काहीच फरक दिसला नाही. त्याला फोटो पाठवला, तर त्याचं उत्तर आलं: हिरवाच आहे. तिनं वाद घातला नाही. चार दिवसांनी पुन्हा फोटो पाठवला. ह्या वेळी त्यानं सरळ फोन केला.

त्याचा रविवार आला तोवर तीन टोमॅटो लालबुंद झाले होते, आणि ढग फाटून गच्चीवर ऊन सांडलं होतं. आई लिफ्टनं वर येऊन, भिंतीला धरून शेवटचा अर्धा जिना चढून आली. स्टुलावर फोडी केल्या, मीठ भुरभुरलं. साल जाड होती, आणि चव... आंबट. चांगलीच आंबट.

"टोमॅटो लागतोय," आई डोळे मिटून म्हणाली, आणि आणखी दोन फोडी खाल्ल्या. मग तिला एकाएकी खालच्या बाकावर काम निघालं, आणि ती निघून गेली.

दोघं कठड्याला टेकून बसले. बोलणं थोडं, ऊन भरपूर. त्यानं तिचा हात हातात घेतला, ह्या वेळी सोडायची घाई केली नाही. सावल्या लांबल्या तशी त्यानं घड्याळ बघितलं, पिशवी खांद्याला लावली.

"निघतो. पाचची बस आहे."

"सोड ती."

तो जागच्या जागी थांबला. "काय म्हणालात?"

'सोडा' नव्हे, 'सोड'; तिचं तिलाही ऐकू आलं होतं. पण मागे घ्यावंसं वाटेना.

"बस सोड म्हणाले. पहाटे एक आहे, तिनं जा. आईला विचारलंय मी, बाहेरचा दिवाण रिकामा आहे."

त्यानं पिशवी खाली ठेवली, अगदी हळू, काचेची असल्यासारखी.

"सोडतो," तो म्हणाला. "पण तू परत एकदा म्हण."

तिनं म्हटलं.