बाजोपची साथ

टेइबोर आला तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती आणि इदाहुन मोठं पातेलं घासायला काढत होती. शिलाँगच्या जाइआव भागात, चढाच्या वळणावर तिचं छोटं जादोहचं हॉटेल होतं. चार बाकं, जादोह म्हणजे डुकराच्या रश्शात शिजवलेला भात, लाल चहा आणि भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. वरच्या मजल्यावर ती राहायची. टेइबोर साठीला टेकला होता, तरी केस अजून खांद्यावर रुळत होते आणि अंगात तेच काळं कातडी जॅकेट होतं. ते आता पोटावर लागत नव्हतं.

"भात उरलाय का, की गिऱ्हाइकांनी पातेलंसुद्धा चाटून नेलं?"

"खरवड आहे, बाह टेइबोर. वर्षातून एकदा तोंड दाखवणाऱ्याला तेवढीच मिळते."

तरुणपणापासून ती त्याला बाह, म्हणजे दादा, म्हणायची. तो हसला. तिने पुढे केलेली पान-सुपारी त्याने गालात धरली आणि तो नुसता चघळत बसला. एरवी बडबडून कान किटवणारा माणूस गप्प बसलाय म्हणजे काहीतरी मागायला आलाय, हे तिने ओळखलं.

"आमच्या बँडची, ग्रे पाइन्सची, ती टेप सापडली," तो शेवटी म्हणाला. "शाळेच्या हॉलमध्ये केलेली. एक कंपनी ती बाजारात आणायला तयार आहे."

"मग चांगलंच आहे की."

"टेपवरची माझ्या गिटारची पट्टी बुरशीने खाल्लीय. तेवढी गिटार मी नव्याने वाजवतोय. आणि बाजोपचा बास... फार दबलेला आहे गं. हल्लीच्या लोकांना चालत नाही. माझा भाचा वाजवून देईल. पण तुझ्या तोंडून हो आलं पाहिजे."

ते तिच्याच तोंडून यायला हवं होतं, कारण बाजोप तिचा भाऊ आणि घरातली धाकटी मुलगी ती. घर, भांडीकुंडी, बिनलग्नाचा भाऊ मागे जे ठेवून जातो ते, सगळं रिवाजाने धाकटीकडे येतं. बाजोपने फार काही ठेवलं नव्हतं. बास गिटार बँडच्या मालकीची होती, ती पुढे कुणीतरी विकली. बँडच्या पोस्टरवर त्याचं नाव कधी नव्हतं, फोटोत तो नेहमी कडेला, अर्धा कापलेला. त्याचं म्हणून जगात काही उरलं असेल तर ते त्या टेपवरचं वाजवणं, आणि तेच पुसायची परवानगी टेइबोर मागत होता.

गंमत अशी की ते वाजवणं इदाहुनने कधी धड ऐकलंच नव्हतं. बाजोप कार्यक्रमांच्या कॅसेट घरी आणायचा, पण घरातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर खालचे सूर उमटायचेच नाहीत. आई विचारायची, "टेइबोर ऐकू येतो, ड्रमवाला ऐकू येतो. तू नेमकं करतोस काय रे?" बाजोप म्हणायचा, "मी यांच्या मागून चालतो, मेइ. कुणी हळू झाला की मीही हळू." आई कपाळावर हात मारून घ्यायची. मग तो लांब पश्चिमेला तुरा गावी कार्यक्रमासाठी गेला, तिथे मलेरिया डोक्यात चढला, आणि चोविसाव्या वर्षी ट्रकमधून घरी आला. इदाहुनचं त्या दिवशी रडायचं राहून गेलं. पुढे ते राहूनच गेलं. सगळं आत बधिर झालं होतं आणि त्या बधिरपणातच तिने संसार केला, मुली उजवल्या, हॉटेल चालवलं.

"आधी मला ऐकवा," ती म्हणाली. "मग बघू."

दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद ठेवून ती शहरातल्याच लैटुमख्राला गेली. स्टुडिओ एका बेकरीच्या वर होता. खालून गरम पावाचा वास येत होता आणि खिडकीला धुकं टेकलं होतं. टेइबोर आधीच येऊन बसला होता. लामफ्रांग नावाचा तिशीतला माणूस स्टुडिओ चालवायचा. त्याने तिला मधल्या खुर्चीवर बसवलं. समोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर चार आडवे पट्टे होते.

"हा ड्रम, हा गाण्याचा आवाज, ही बाह टेइबोरची नवी गिटार," तो बोटाने दाखवत म्हणाला. "आणि हा तुमचा भाऊ, काँग," ताई म्हणावं तसं तो म्हणाला. "एकदा रेकॉर्ड झालेलं, म्हणजे दगडावर कोरल्यासारखं. आता फक्त हाच लावतो."

आधी नुसती घरघर आली. मग कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं बाजोपचं होतं, तिने लगेच ओळखलं. मग तो वाजवायला लागला.

कानाआधी ते पोटाला कळलं, मग खुर्चीच्या पाठीला. जाड, शांत सूर, एकामागून एक, कुठेही दिखाऊपणा नाही. हे एवढं मोठं होतं आणि एवढी वर्षं ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं. तिला राग आला. कितीतरी वर्षांनी तिला आत काहीतरी वाटलं होतं, आणि तो राग होता.

"पुसायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, एकटं छानच वाटतं," टेइबोर म्हणाला. "गिटारसोबत ऐक. हरवून जातं. शेवटचा भाग लाव रे. तिथे ड्रम नाहीत, आम्ही दोघंच आहोत."

लामफ्रांगने दोन्ही पट्टे एकदम लावले. टेइबोरची नवी गिटार चढत गेली. शेवटाकडे त्याची बोटं जरा रेंगाळली होती. सांधे दुखतात, तो स्वतःच म्हणाला होता.

बासही तिथे रेंगाळला.

लामफ्रांगने मान वाकडी केली. "परत लावतो." परत तेच झालं. त्याने गिटार बंद करून एकटा बास लावला, तर तो अगदी सरळ चालत होता, कुठेही रेंगाळत नव्हता. गिटार जोडली की मात्र तिच्यासाठी थांबून तिला घेऊन पुढे जात होता.

"मशीनची काहीतरी भानगड आहे," लामफ्रांग म्हणाला. त्याने वायरी तपासल्या, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. टेइबोर उठला. त्याने कोपऱ्यातली गिटार उचलली आणि गळ्यात अडकवली.

"माझं रेकॉर्ड केलेलं नको. मी आत्ता वाजवतो. तू बास लाव."

त्याने सुरुवात केली. मधेच वेग वाढवला. बास वाढला. एक जागा मुद्दाम सोडली. बासने ती भरून काढली. टेइबोरच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहरा पोरासारखा झाला होता.

"हे तो करायचा," तो म्हणाला. "मी चुकलो की असंच करायचा. मला वाटायचं मी चुकतच नाही."

मग त्याने तारांवर हात ठेवला आणि मध्येच थांबला.

बास थांबला.

पडद्यावर पट्टा पुढे सरकत होता. त्यावर सूर दिसत होते, उंच, काळे. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. नुसती हॉलची घरघर, आणि त्या घरघरीत कुणाचा तरी संथ श्वास.

"बंद कर," टेइबोर म्हणाला.

"केलंय," लामफ्रांग म्हणाला. त्याची दोन बोटं बटणावर होती.

श्वास येतच होता. तो वाट बघत होता.

"वाजवा ना," इदाहुन म्हणाली.

"मला नाही जमत, इदा. हात बघ माझे." त्याने गिटार गळ्यातून काढली.

इदाहुनला तो ट्रक आठवला. तिचा मामा जुन्या धर्माचा होता. घराबाहेर मेलेल्याला घरी आणताना दर ओढ्याशी थांबून नावाने हाक मारायची, नाहीतर तो पलीकडेच राहतो, असं तो सांगत होता. चर्चच्या लोकांसमोर वडिलांना लाज वाटली. तुऱ्यापासून शिलाँगपर्यंत इतक्या नद्या, पण ट्रक कुठेच थांबला नव्हता.

तिला भीती वाटत नव्हती. फक्त त्याला असं ताटकळत ठेवणं बरं दिसत नव्हतं.

"बाजोप," ती म्हणाली. जेवायला बोलवावं तसंच. "चल. घरी जाऊ."

स्पीकरमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग एक जाड ठप्प. वायर उपसल्याचा.

मग बूट, हॉलच्या लाकडी जमिनीवरून, बेताने. मग दार.

घरघरसुद्धा थांबली. पडद्यावरचा चौथा पट्टा कोरा होता.

लामफ्रांगने बाकीची गाणी उघडली. सगळीकडे चौथा पट्टा कोरा. त्याने मूळ टेप यंत्रावर चढवली. ड्रम होते, आवाज होता, बासच्या जागी काही नव्हतं. टेइबोर भिंतीला टेकून खाली बसला होता.

"इदा, काय केलंस गं तू हे?"

भावाचं वाजवणं वाचवायला ती आली होती आणि तिच्याच तोंडून ते गेलं होतं. आता तरी रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही.

"भाच्याला वाजवू दे तुमच्या," ती म्हणाली आणि शाल घेऊन निघाली.

रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. ती भरल्या टॅक्सीत बसली, जाइआवला उतरली, चढ चढली. हॉटेलचं कुलूप काढून मागच्या जिन्याने वर गेली. वर जुन्या फळ्यांची जमीन. शाल खुंटीला लावायला ती खिडकीकडे चालली तेव्हा तिच्या मागे एक फळी करकरली. मग दुसरी.

ती हळू झाली. फळ्याही हळू झाल्या.

ती थांबली. खोलीत काही हललं नाही. फक्त तिच्या पाठीशी तो संथ श्वास, वाट बघणारा. क्षणभर तिने ऐकलं. त्याला उभं ठेवणं तिला बघवेना, म्हणून ती पुन्हा चालू लागली.

संध्याकाळ झाली. तिने चूल पेटवली नाही, की ती कुठे टेकली नाही. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत ती चालत राहिली. तिचे पाय भरून आले होते, गुडघे बोलत होते. मागची पावलं मात्र चोवीस वर्षांच्या माणसाची होती.