रेडिओ तापेपर्यंत

“एक... दोन... तीन...” दिपेशनं मोजायला सुरुवात केली. चार म्हणायच्या आतच गाडीतला रेडिओ बोलायला लागला!

“हे काय?” स्नेहल ओरडली. “चाळीस मोजायला लागतात ना!”

पावणे गावात देवजीआबांची चौसष्ट सालची फियाट सगळ्यांना ठाऊक होती. तिच्यातला रेडिओ काचेच्या बल्बांचा. बटण फिरवलं की आधी ते बल्ब तापायचे, मग घुंऽऽ व्हायचं, आणि मग कुठं आवाज! तेवढ्या वेळात शेजारच्या सीटवर बसलेली पुतळाआजी गायची. रेडिओ लागला की गप्प!

आजी होती धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात धवला गाऊन एकेक विधी पार पाडणारी बाई. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. पण माघात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बोला, गा, काही होत नाही. पण आवाज झाला खरखरीत, आणि आजीनं तोंडच मिटलं. उद्या नावड्याला तिच्या भावाच्या नातीची, अक्षताताईची हळद. आजी कुजबुजली, “मुकी धवलारीन मांडवात कशाला? मी नाय येत.”

मग आबा-आजीची नात स्नेहल, तिचा धाकटा भाऊ दिपेश आणि शेजारची सोनम यांनी डोकं चालवलं. आजीचे जुने धवले स्नेहलच्या मोबाइलमध्ये होते. आजीच्या लाडक्या रेडिओत ब्लूटूथ बसवायचं. तिचाच आवाज त्यातून ऐकवायचा. मग ती हसेल आणि गाडीत बसेल! आबांनी रेडिओ काढून एमआयडीसीतल्या अंकुशच्या वर्कशॉपमध्ये दिला. आज सकाळी तो परत बसवून आणला.

आणि आता हे!

आजी हळूच येऊन गाडीत बसली होती. रेडिओ लगेच लागला तशी तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा आबांकडं. “ह्यो आपला नाय,” एवढंच पुटपुटली आणि उठून घरात गेली.

आबांचा चेहरा पडला. “मना पन आवाज येगला वाटला रं. तर अंकुश म्हनला, आबा, रेडिओ तोच हाय, कान म्हातारं झालं.”

“असं कसं बोलला तो!” सोनम फणकारली. तिनं रेडिओवर हात ठेवला. “ए, इकडं हात लाव. मघापासून चालूय ना? थंडगार!”

“आणि जाळीतून तो तांबडा उजेड पण दिसत नाय,” दिपेश म्हणाला.

तिघं एकमेकांकडं बघायला लागली. खोका आबांचा होता, पण आतलं पोट दुसऱ्याचं!

“जाऊन भांडू या!” दिपेशनं बाह्या सरसावल्या.

“भांडलास की तो म्हणणार, पोरांना काय कळतं,” स्नेहल म्हणाली. “सोनम, तुला तो ओळखत नाही ना?”

दहाव्या मिनिटाला सायकली वर्कशॉपच्या कोपऱ्यावर टेकल्या. सोनम एकटीच आत गेली, एकदम गरीब चेहरा करून.

“काका, शाळेत प्रदर्शन आहे. जुन्या रेडिओतले काचेचे बल्ब बघायला मिळतील का? कोणाकडंच नाहीत!”

अंकुशची छाती फुगली. “कोणाकडं नसेल ते अंकुशकडं असतं! परवाच एक डबडं उघडलं. आतलं सगळं काढून टाकलं, चायनाचा बोर्ड बसवला. पाच मिनिटांत काम खल्लास!” त्यानं टेबलाखालून पुठ्ठ्याचा खोका ओढला. “हे बघ. संध्याकाळी भंगारवाला नेणारच होता.”

सोनम जोरात शिंकली. हीच ठरलेली खूण! स्नेहल आणि दिपेश आत घुसले.

“ही चिंधी कोणाची, काका?” स्नेहलनं खोक्यात बोट दाखवलं. एक खडखडणारी पट्टी हिरव्या चिंधीनं बांधलेली होती. “माझ्या आजीच्या लुगड्याची आहे! आबांनी स्वतः बांधलीय!”

अंकुश गडबडला. “अरे, पण... ब्लूटूथ पाहिजे होता ना? दिला की! लगेच लागतो, टेन्शनच नाय!”

“आमाला लगेच नकोच होता!” दिपेश ओरडला. त्याचा आवाज रडवेला झाला. “रेडिओ तापेपर्यंत आजी गाते! आता ती कधी गाणार?”

अंकुश चिंधीवर बोट फिरवत बसला. मग हळूच म्हणाला, “माझ्या आयच्या हळदीला पुतळाकाकीच गायल्या होत्या. आय अजून सांगते.” त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. “चला, तो रेडिओ आणा परत. जुनं पोट परत बसवतो. ब्लूटूथची वायर आवाजाच्या बटणाला जोडतो. मोबाइलमधलं गाणं पण त्याच बल्बांतून येईल. आधीच असं करायचं होतं. कंटाळा केला मी.”

“आणि आबांचे कान?” सोनमनं कंबरेवर हात ठेवले.

“त्यांचे कान फस्क्लास आहेत, माझे आई! मी स्वतः सांगतो त्यांना.”

चार वाजता फियाट पुन्हा दारात उभी राहिली. अंकुशनं आबांचे पाय धरले. आबांनी त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि मग त्याला चहा पाजला. स्नेहलनं आजीला हाताला धरून आणलं. “आजी, एकदाच बस. फक्त चाळीस मोजेपर्यंत.”

आबांनी बटण फिरवलं. काही नाही. जाळीमागं हळूहळू तांबडं व्हायला लागलं. आजीनं हात पुढं करून रेडिओला लावला. कोमट होता. तिचे डोळे भरून आले.

“अकरा... बारा...” दिपेश कुजबुजत होता.

विसाला आजीनं तोंड उघडलं. आवाज खरखरीत, फाटका, पण धवलाच! दिपेश मोजायचंच विसरला. घुंऽऽ झालं. स्नेहलनं डोळे पुसत मोबाइलवर बोट दाबलं, आणि रेडिओतून आजीचा जुना, खणखणीत आवाज आला. दोन पुतळाआज्या एकत्र गायला लागल्या!

मध्येच आजी थांबली, कान देऊन ऐकलं.

“ही बाय कोन गो? लय घाई करते,” ती म्हणाली.

आबा हसता हसता रडायलाच लागले.

दुसऱ्या दिवशी नावड्याच्या मांडवात आजीच हळदीचा धवला गायला उभी राहिली. बाहेर फियाटची दारं उघडी, रेडिओतली आजी सूर धरत होती, आणि मांडवातली आजी तिला मागं टाकत होती. अक्षताताईचे वडील आबांना म्हणाले, “देवजीशेट, रेडिओ झकास बनवलाय!”

“मी नाय. या पोरांनी,” आबा तिघांना पुढं ढकलत म्हणाले. “आमच्यात या तिघांचंच कान धड हायत.”

आजीनं हळदीची वाटी घेतली आणि नवरीच्या आधी तिघांच्या गालांना एकेक बोट लावलं.