सोळावी मात्रा

खोटं वाटलं तर वाटू दे, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. मंगळवारी, भर दुपारी तीन वाजता, काकांच्या रियाजाच्या खोलीत.

काका सतार वाजवायचे. लय अजून संथ कशी होईल, या एकाच ध्यासात त्यांचा उभा जन्म गेला. आवर्तन सोळा मात्रांचं. ते फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर यायला इतका वेळ लागायचा की तबलजी म्हणायचे, "तोवर मी दाढी करून येतो!"

मला तर वीट यायचा. मी गुपचूप तालयंत्राची लय दोन आकडे वाढवायचे.

काका डोळे मिटूनच ओरडायचे, "अगं, कोण ढकलतंय मला?"

शेवटच्या दिवशीही मी वाढवली होती. पंधराव्या मात्रेवर त्यांनी तार ओढली... आणि तसेच कलंडले.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मी कोणाला काही बोलले नाही.

त्यांची ती गत, म्हणजे सतारीवरची रचना, आता फक्त मला येते. तीही अर्धवट. पंधराव्या मात्रेवर तार एकदाच छेडून ते चार स्वर काढायचे. मला तीनच जमायचे. आठवडाभरात रेकॉर्डिंग होतं. नाही जमलं, तर त्यांची आयुष्यभराची मेहनत मातीत!

त्या मंगळवारी मी विसाव्यांदा चुकले.

"मरू दे!" म्हणत यंत्राची वायर उपसली.

पुढची मात्रा पडली...

वायर माझ्या हातात होती.

मग आणखी एक, जरा उशिरा. मग त्याहून उशिरा... मी मोजत होते. तेरा... चौदा...

पंधरा.

सतार मांडीवर. माझे दोन्ही हात कानांवर. तरी तार पडद्यावर आपोआप ओढली गेली. एक स्वर. दोन. तीन...

चौथा.

अगदी तोच!

मग काहीच नाही.

"काका, सम द्या ना!" मी रडकुंडीला आले. "पुन्हा नाही ढकलणार!"

मेल्यावरही या माणसाला घाई म्हणून नाही!

चौथा स्वर मला तेव्हापासून येतो. रेकॉर्डिंग मात्र झालंच नाही. पंधराव्या मात्रेपुढे माझा हातच जात नाही.

यंत्र कपाटात ठेवलंय, वायरीशिवाय.

काल दुपारी, तब्बल दोन महिन्यांनी, कपाटातून एकच ठोका आला...

सोळावा.

आता फक्त सम उरलीय. कधी येणार, या विचाराने जीव मेटाकुटीला आलाय. आणि समेवर काका एकटेच थांबतील की मलाही बोलावतील, हे मला माहीत नाही.