एका दमाचा सूर

कार्यक्रमाचा पास द्यायला धाकटा वहिनींकडे गेला, तेव्हा त्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. थोरला भाऊ जाऊन काही महिने झाले होते, पण त्याचे शर्ट अजून धुतले जात होते. धाकट्याने तिकडे बघायचं टाळलं.

"यायचं हं वहिनी. पहिल्या रांगेतली जागा आहे. यावेळी पहिलं ट्रम्पेट माझं."

"येईन की भावजी," वहिनी म्हणाल्या. "फक्त तो लांब सूर तेवढा काढून टाका. ह्यांच्याशिवाय तो कुणाला झेपायचा नाही."

झालं! वहिनींच्या मनात काही नव्हतं हो, पण धाकट्याचा तिळपापड झाला. जन्मभर हेच ऐकत आला होता बिचारा. थोरला लष्करी कूच वाजवायचा, हॉटेलात जॅझ वाजवायचा, सिनेमाच्या गाण्यात दोन ओळींच्या मधला तुकडा असा फुंकायचा की लोक गाणं विसरून तो तुकडाच गुणगुणत घरी जायचे. धाकटा समोरच्या कागदावर असेल ते बिनचूक वाजवायचा. बिनचूक वाजवणाऱ्याला कोण विचारतो?

आणि त्या लांब सुराचं गुपित तरी काय होतं! माणसाची छाती ती केवढी, इतका वेळ कुणाचाच दम पुरत नाही. थोरला श्वासासाठी ओठ काढायचा, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून धाकटा तोच सूर धरून ठेवायचा. दोघांनी एकदम श्वास म्हणून घ्यायचा नाही, एवढा एकच नियम. ऐकणाऱ्याला वाटायचं, सूर एक आणि माणूसही एकच. टाळ्या सगळ्या थोरल्याला. वहिनींनी एकदा तरी 'भावजी, छान वाजवलंत' म्हणावं, एवढीच धाकट्याची भूक होती. थोरल्याच्या घरातून ते शब्द यायला हवे होते.

तालमीच्या वेळी शेजारची खुर्ची रिकामीच होती, नवा माणूस अजून मिळाला नव्हता. वाद्यवृंद चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी तो सूर अर्ध्यावर तोडायचं सुचवलं.

"काही गरज नाही मास्तर. मी एकटा पुरेसा आहे."

रंगमंचावर तेवढा उजेड होता. पुढे रिकाम्या खुर्च्यांवर अंधार साचला होता, आणि जुन्या पडद्यांचा कुबट वास नाकात बसत होता. धाकट्याने सूर धरला, ताणला, आणखी ताणला. कानशिलं ठणकायला लागली, डोळ्यांपुढे काजवे चमकले. शेवटी ओठ सुटलेच.

सूर सुटला नाही.

तो तसाच चालू होता... शेजारून... गोल, उबदार, शेवटाकडे किंचित थरथरणारा. ती थरथर वर्षानुवर्षं घासूनही धाकट्याला साधली नव्हती. त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. त्याने घाईघाईने ओठ पुन्हा ट्रम्पेटला टेकवले.

"कमाल आहे तुमची!" मास्तर म्हणाले. "श्वास कुठे घेतलात कळलंसुद्धा नाही. अगदी थोरल्यांची आठवण झाली."

भीती वाटलीच, का नाही वाटणार? पण भीतीच्याही वर चढला तो जळफळाट. मेल्यावरसुद्धा? मेल्यावरसुद्धा हा माणूस माझं कौतुक खाणार?

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. लांब सूर आला, धाकट्याने तो धरला, आणि दम शिल्लक असतानाच मुद्दाम ट्रम्पेट मांडीवर ठेवलं. वाजव आता! बघू दे सगळ्यांना, कोण वाजवतंय ते!

कुणी बघितलंच नाही. मास्तरांचे डोळे मिटलेले, वादकांच्या नजरा आपापल्या कागदात, लोक माना खाली घालून ऐकत होते. वहिनी तेवढ्या वर बघत होत्या, पण त्याच्याकडे नाही... शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

धाकट्याला ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलं, आवाज फुटेना. ओल्या कपड्यासारखी कुणी त्याची छाती पिळत होतं... श्वास नुसता बाहेर चालला होता, आत येतच नव्हता. तेव्हा त्याला कळलं. मेलेल्या माणसाकडे श्वास कुठला? सूर थोरल्याचा होता, दम धाकट्याचा जात होता.

सूर थांबला, तेव्हा कुठे त्याला हवा मिळाली. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मास्तरांनी खुणेनेच त्याला उभं केलं. वहिनी उठून अगदी रंगमंचापाशी आल्या, आणि आता मात्र त्याच्याकडेच बघत होत्या.

"भावजी, छान वाजवलंत हो!"

"वन्स मोअर!" मागून कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले.

मास्तर जवळ येऊन पुटपुटले, "पुन्हा घ्यायचं? झेपेल?"

नाही म्हणायला काय जात होतं? नुसती मान हलवायची. पण आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या टाळ्या त्याच्या नावाने पडत होत्या, आणि वहिनी बघत होत्या. त्याने होकारार्थी मान डोलावली आणि ट्रम्पेट मांडीवर ठेवून तो खाली बसला.

मास्तरांनी छडी उचलली. ट्रम्पेट अजून मांडीवरच होतं. धाकट्याची छाती हळूहळू भरू लागली... फासळ्या ताणल्या गेल्या, तरी भरतच राहिली.

तो श्वास त्याने घेतला नव्हता.