सत्तेचाळीस नंबरचा हातोडा

"हा नववा खुंट!" झुडपं बाजूला सारत इलिन्का ओरडली. "यावरही शिक्का आहे!"

"मग रडतेस कशाला?" शहरातून सुट्टीला आलेल्या रारेशचं तोंड ब्लूबेरी खाऊन जांभळं झालं होतं. "गोल शिक्का, आत सत्तेचाळीस. सरकारी हातोड्याचा! म्हणजे झाड कायदेशीर तोडलंय. संपलं!"

"बुखारेस्टवाले, गप्प बसा! यातलं एकही झाड आम्ही निवडलेलं नाही."

इलिन्काला ते पक्कं ठाऊक होतं. तिची आई लेओंतिना इथली वनरक्षक. एप्रिलमध्ये कोणती झाडं तोडायची ते ठरलं, तेव्हा इलिन्का रंगाचा डबा घेऊन मागे होती. आई प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी शिक्क्याचा हातोडा मारायची. झाड गेलं तरी खुंटावर शिक्का राहतो, म्हणून अगदी खाली. वनखात्याचे इंजिनिअर ओन्चुलसाहेब दगडावर बसून यादी लिहायचे.

आणि आता तेच साहेब म्हणत होते, "हातोडा एप्रिलपासून माझ्या कचेरीत, पेटीत, सीलबंद! म्हणजे या नऊ झाडांवर लेओंतिनानेच तेव्हा माझ्या पाठीमागे शिक्के मारून ठेवले असणार." उद्या चौकशी होती. आईची नोकरी गेली, की जंगलातलं सरकारी घरही जाणार. इलिन्काचा जन्म त्याच घरातला. काल रात्री आईने पुस्तकं खोक्यात भरायलाही घेतली होती.

"ए, मला ओढ ना!" रारेश बाजूच्या, एप्रिलमध्ये निवडलेल्या झाडाच्या खुंटावर टेकला होता आणि आता उठता येत नव्हतं. विजारीला चीक लागला होता. "आई मारणार मला!"

इलिन्का हसली आणि मध्येच थांबली. तिने वाकून खुंटावरचा शिक्का पाहिला. आकड्यांवर चीक ओघळून पांढरट, कडक झाला होता. ती धावत नवव्या खुंटाकडे गेली. तिथले आकडे कोरे करकरीत!

"रारेश! उभ्या झाडाला घाव बसला की ते चीक गाळतं. तीन महिन्यांत आकडे झाकले जातात. हे शिक्के एप्रिलचे नाहीतच! झाड पाडल्यावर मारलेत!"

"पण हातोडा तर पेटीत..."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आक्सिंते आजोबा!" रारेश कुजबुजला.

संशय घ्यायला जागा होती. वरच्या सरकारी कुरणावर आक्सिंते आजोबांची मेंढरं चरायची. गवत तुडवलं जातंय म्हणून जूनमध्ये आईने त्यांना चाळीस मेंढरं खाली न्यायला लावली होती. तेव्हापासून म्हातारा आईशी धड बोलत नव्हता. शिवाय त्यांची दहा वर्षांची नात साफ्ता! हातोड्याचा विषय निघाला, की पोरगी लालबुंद व्हायची आणि पळ काढायची.

संध्याकाळी दोघं मेंढवाड्यामागे दबा धरून बसले. आजोबा उकिडवे बसून धार काढत होते आणि पुटपुटत होते, "माझं स्टूल कुठे गेलं? मेंढीने खाल्लं की काय?"

इतक्यात साफ्ता पोत्यात काहीतरी गुंडाळून ओढ्याकडे निघाली. तिथे बसून ती राखेने खसाखसा घासू लागली.

"पकडली!" रारेशने पोतं खेचलं. आत आजोबांचं स्टूल! उलटं केलं, तर खाली ठसठशीत शिक्का... सत्तेचाळीस!

साफ्ताने भोकाडच पसरलं. "मी एकदाच मारला! बघायला! संत इलियेच्या जत्रेला साहेबांची जीप आपल्या कुरणावर उभी होती ना? हातोडा मागच्या सीटवरच पडला होता! घासून जात नाहीये गं! आजोबांना पोलीस नेतील?"

"जत्रेला? म्हणजे गेल्या आठवड्यात?" इलिन्काचा आवाज चिरकला. "आणि नंतर जीप कुणी नेली?"

"ओनुत्सकाकांनी. गिरणीवाल्या. पाव आणतो म्हणून साहेबांकडून चावी घेतली. सूर्य मावळल्यावर परत आले."

"पाव आणला?"

साफ्ताने नाक पुसत विचार केला. "नाही! पण सगळे नाचत होते. कोण विचारणार?"

लाकूडगिरणीचा मालक ओनुत्स! अख्खी दरी जत्रेत होती आणि खाली जंगल मोकळं होतं. शिवाय हातोडा जीपमध्येच!

"बिचाऱ्या आजोबांवर उगाच संशय घेतला आपण," इलिन्का शरमून म्हणाली. मग तिने साफ्ताचा हात धरला. "उद्या हे स्टूल घेऊन ये. घाबरू नकोस, मी तुझ्या शेजारी उभी राहीन."

सकाळी वनचौकीच्या अंगणात चौकशी अधिकारी बाई बसल्या. आईने घराची किल्ली आधीच टेबलावर ठेवली होती. ओनुत्सही कुंपणाला टेकून मजा बघत होता.

"साहेब, एक विचारू?" रारेश भोळा चेहरा करून म्हणाला. "हातोडा एप्रिलनंतर एकदाही बाहेर आला नाही?"

"एकदाही नाही! सरकारी वस्तू म्हणजे काय पोरखेळ वाटला?"

"शप्पथ?"

"शप्पथ!"

"मग उभे का? बसा ना काका," साफ्ता म्हणाली आणि तिने स्टूल पुढे केलं. उलटं!

साहेबांची मान आधी स्टुलाकडे वळली, मग जीपकडे. साफ्ताने सगळं सांगितलं, रडत, पण शेवटपर्यंत. इलिन्काने अधिकारी बाईंना दोन्ही खुंटांवर नेलं. बाईंनी बोट फिरवलं. एकावर कडक चीक, दुसऱ्यावर काहीच नाही.

परत येऊन पाहतात, तर कुंपण रिकामं! ओनुत्स पळाला होता. पण पाऊलवाट मेंढरांनी गच्च भरली होती आणि मध्ये काठी आडवी धरून आक्सिंते आजोबा उभे होते.

"घाई काय रे? पाव आणायला निघालास?"

गिरणीत नऊ ओंडके सापडले. साहेबांनी मान खाली घालून कबूल केलं, की पेटी सील करून पुन्हा फोडण्याचा कंटाळा म्हणून हातोडा जीपमध्येच फिरत होता.

"तुम्ही तिघांनी आमचे डोळे उघडलेत!" बाई म्हणाल्या. "शाब्बास! पण साफ्ता, परवानगीशिवाय शिक्का मारणं गुन्हा आहे. शिक्षा: नऊ रोपं लावायची."

"आम्हीही लावणार!" दोघं ओरडले.

"आणि माझं स्टूल?" आजोबांनी विचारलं.

"पुरावा म्हणून जप्त."

"म्हणजे मी उकिडवाच!" म्हातारा करवादला. मग आईकडे न बघताच म्हणाला, "कुरणातलं गवत यंदा दाट आलंय. तुझं बरोबर होतं, पोरी."

आईने टेबलावरची किल्ली उचलली आणि इलिन्काच्या हातात दिली.

"जा, दार उघड," ती म्हणाली. "पुस्तकं पुन्हा फळीवर लावायचीत."